मध, दारुहळद आणि खालाजानच्या पायाचे बोट



गेल्या काही महिन्यांत या सदराच्या वाचक भगिनींचे जे फोन आले, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला. ‘बाजी, अँटिबायोटिक गोळ्या आता लागू पडत नाहीत असे म्हणतात. मग आपला मध, कलौंजी, लसूण, हळद काय वाईट? त्यानेच इलाज का करू नये?’ प्रश्न साधा आहे आणि प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर ‘करा’ किंवा ‘करू नका’ असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज थोडे सविस्तर लिहिते. सुरुवात माझ्याच घरातल्या एका चुकीपासून करते, कारण ती लपवून मी तुम्हाला काही शिकवू लागले तर ते बरे दिसणार नाही.

माझ्या खालाजानना बारा वर्षांपासून शुगर आहे. मागच्या वर्षी ईदच्या आधी त्यांनी नवी चप्पल घेतली. ती डाव्या पायाच्या करंगळीला लागली आणि फोड आला. शुगरमुळे पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे दुखले नाही. चार दिवसांनी वुजू करताना त्यांना तिथे ओलसर जखम दिसली. मी भेटायला गेले होते. म्हणाल्या, ‘बेटा, एवढ्याशा फोडासाठी डॉक्टरकडे कशाला जायचे?’ माझ्या कपाटात घशाच्या दुखण्यासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. मी त्या आणून दिल्या. मी, बी.एड. झालेली, मुलांना विज्ञानाचे धडे समजावून सांगणारी शिक्षिका! तीन दिवसांत जखम कोरडी दिसू लागली, गोळ्याही संपल्या.

पंधरा दिवसांनी बोट सुजले आणि पस येऊ लागला. शेजारच्या एका बाईंनी मध आणि हळद लावायला सांगितले. स्वयंपाकघरातला मध, डब्यातली हळद, वर जुन्या ओढणीची पट्टी. आणखी आठ दिवस गेले. वास येऊ लागला तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पस तपासायला पाठवला. तीन दिवसांनी माझ्या खालेरी बहिणीने रिपोर्टचा फोटो पाठवून विचारले, ‘आपा, औषधांच्या नावांपुढे ‘आर’ लिहिले आहे, त्याचा अर्थ काय?’ मी वाचत गेले. ओळीने आर, आर, आर. ‘एस’ म्हणजे ते औषध या जंतूवर चालते, ‘आर’ म्हणजे चालत नाही. चौदा औषधांपैकी फक्त तिघांपुढे ‘एस’ होता आणि तिन्ही औषधे सलाइनमधून द्यायची होती. मी दिलेल्या गोळीचे नावही त्या यादीत होते. तिच्यापुढे ‘आर’ होता.

खालाजान वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण ती करंगळी काढावी लागली.

माझ्या सहा गोळ्यांमुळेच हे झाले असे डॉक्टरांनी म्हटले नाही. तो जंतू कदाचित आधीपासूनच तसा असेल. पण त्या गोळ्यांनी आणि त्या मधाने आम्हा सर्वांना ‘इलाज चालू आहे’ असे वाटत राहिले आणि तीन आठवडे हातचे गेले, हे मात्र खरे.

जंतू एकटे राहत नाहीत

मी माझ्या वर्गात मुलांना एक गोष्ट करायला लावते. आपापल्या पाण्याच्या बाटलीत आतून बोट फिरवा. ज्यांची बाटली आठवडाभर नीट घासलेली नसते, त्यांच्या बोटाला बुळबुळीत लागते. पाण्याच्या टाकीची भिंत, माठाचा तळ, बेसिनच्या पाइपाचा आतला भाग, सगळीकडे हाच बुळबुळीत थर असतो. याला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. आपण त्याला जंतूंची वस्ती म्हणू.

आपल्याला वाटते की जंतू सुटे सुटे पोहत असतात. काही पोहतातही. पण संधी मिळाली की ते एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, संख्येने वाढतात आणि स्वतःभोवती एक चिकट पदार्थ तयार करून त्यात घर करतात. जखमेवर, दातांवर, लघवीच्या नळीवर, बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यावर, हृदयाच्या झडपेवर अशा वस्त्या होतात.

ही वस्ती माणसाच्या नजरेस प्रथम दातांवरच पडली. हॉलंडमधील कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून दातांवरचा पांढरा थर पाहिला आणि 1683-84 च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याबद्दल पत्रे लिहिली. त्या थरात वळवळणारे लहान जीव होते. त्याने त्यांच्यावर व्हिनेगर टाकून पाहिले. सुटे जीव मेले, पण थराच्या आतले वाचले. व्हिनेगर आतपर्यंत पोहोचलेच नव्हते. साडेतीनशे वर्षांपूर्वी केलेले हे निरीक्षण आजही तितकेच खरे आहे.

वस्तीतला जंतू मारणे इतके कठीण का? पहिले कारण तो चिकट थर. काही औषधे त्यातच अडकतात. दुसरे कारण असे की वस्तीच्या आत खोलवर अन्न आणि प्राणवायू कमी असल्याने तिथले जंतू जवळजवळ झोपलेले असतात. पुष्कळशी अँटिबायोटिक औषधे वाढणाऱ्या जंतूवर घाव घालतात, झोपलेल्यावर त्यांचा परिणाम होत नाही. औषध थांबले की हे झोपलेले जागे होतात. तिसरे कारण, इतके जंतू एकमेकांना खेटून असल्यामुळे औषधाला तोंड देण्याची युक्ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. त्यामुळे सुट्या जंतूला मारायला जेवढे औषध लागते, त्याच्या शंभर ते हजारपट औषधही वस्तीला कधी कधी पुरत नाही. तेवढे औषध माणसाच्या शरीरात घालता येत नाही.

खालाजानच्या बोटावर हेच झाले होते. वरून कोरडी दिसणारी जखम आतून वस्ती बनली होती.

फ्लेमिंग यांनी सांगितलेली गोष्ट

पेनिसिलिनचा शोध 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला. 1945 मध्ये नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात त्यांनी कौतुकाबरोबर इशाराही दिला. त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो, पण पुरेसे घेत नाही. जंतू मरत नाहीत, उलट पेनिसिलिनला तोंड द्यायला शिकतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिले जाते, पण ते चालत नाही आणि ती मरते. ही गोष्ट वाचताना मला माझे कपाट आणि त्या सहा गोळ्या आठवतात.

इशारा लवकरच खरा ठरला. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंसाठी 1959 मध्ये मेथिसिलिन हे नवे औषध आले. 1961 मध्ये त्यालाही न जुमानणारा जंतू इंग्लंडमध्ये सापडला. एमआरएसए हे त्याचे नाव. पुढे प्रत्येक नव्या औषधाबरोबर तेच होत गेले. 2009-10 मध्ये चर्चेत आलेल्या एका प्रतिकारक जनुकाच्या नावातच नवी दिल्ली आहे: एनडीएम-1. हे जनुक असलेल्या जंतूवर आपली अनेक शेवटच्या फळीतली औषधेही चालत नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2022 मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की 2019 या एका वर्षात जगभरात 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘माझ्या शरीराला आता गोळीची सवय झाली’ असे आपण म्हणतो. सवय शरीराला होत नाही, जंतूला होते. आणि तो जंतू आपल्याच शरीरात थांबत नाही. तो नातवाला लागतो, शेजाऱ्याला लागतो, दवाखान्यातल्या पुढच्या खाटेवरच्या रुग्णाला लागतो. म्हणून ही बाब केवळ आपल्या तब्येतीची नाही, ती हक्कुल-इबादची, म्हणजे इतरांच्या आपल्यावरील हक्काची आहे, असे मला वाटते.

मधात काय आहे?

आता मधाकडे येऊ. पवित्र कुरआनच्या सूरह नहलमध्ये मधमाशीचा आणि तिच्या पोटातून येणाऱ्या पेयात लोकांसाठी शिफा असल्याचा उल्लेख आहे. श्रद्धावंताला त्यासाठी प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. पण ही शिफा कोणत्या मार्गाने काम करते हे शोधणे श्रद्धेच्या विरुद्धही नाही.

मधात पाणी साधारण 17-18 टक्केच असते, बाकी बहुतेक साखर. इतक्या घट्ट साखरेत जंतूच्या अंगातलेच पाणी ओढले जाते. मध आंबटही असतो. तिसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. मधमाशी मधात एक विकर मिसळते. जखमेतल्या ओलाव्याने मध पातळ झाला की हे विकर कामाला लागते आणि हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. जखम धुवायला दवाखान्यात जे फेसाळणारे औषध वापरत असत तेच हे. न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधात याशिवाय मिथाइलग्लायऑक्सल नावाचे आणखी एक जंतुनाशक द्रव्य भरपूर असते. प्रयोगशाळेत असा मध जंतूंची वस्ती विरघळवताना दिसला आहे. वरवर भाजलेल्या जखमा मधाच्या ड्रेसिंगने काही साध्या ड्रेसिंगपेक्षा लवकर भरतात, हेही अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसून आले आहे. साध्या खोकल्यासाठी अँटिबायोटिक न देता आधी मध घ्या, असा सल्ला 2018 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने दिला.

मग खालाजानच्या बोटाला मध का लागू पडला नाही? मी डॉक्टरांना हेच विचारले. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दवाखान्यात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, आपल्या बरणीतला नसतो. बाजारातल्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2020 मध्ये ती उघड केली होती. मध तापवला की ते विकरही मरते. दुसरी गोष्ट, शुगरच्या पायाच्या जखमेत मधाचा उपयोग होतो असे चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. तिथे रक्तपुरवठाच कमी असतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: ‘वस्ती आधी खरवडून काढावी लागते. त्यावर तुम्ही मध ओता नाहीतर महागडे इंजेक्शन द्या, खरवडल्याशिवाय आत काही पोहोचत नाही.’ व्हिनेगर टाकणाऱ्या लेव्हेनहूकचा अनुभवही हाच होता.

दारुहळदीचे कोडे

वनस्पतींमध्ये औषध असते हे आपल्याला माहीत आहे. पण ते कसे असते याचे एक सुंदर उदाहरण दारुहळदीचे आहे. दारुहळदीच्या पिवळ्या लाकडाच्या काढ्यापासून रसौत करतात, तो युनानी हकीम आजही वापरतात. त्यात बर्बेरिन हे द्रव्य असते. प्रयोगशाळेत सुटे बर्बेरिन घेऊन स्टॅफिलोकॉकस जंतूवर टाकले तर फारसा परिणाम दिसत नाही. कारण त्या जंतूच्या आवरणात छोटे पंप असतात. बर्बेरिन आत आले की पंप ते बाहेर फेकतो. बोटीत शिरलेले पाणी नावाडी बाहेर उपसतो, तसे.

मग झाडाने इतके दुबळे औषध का बाळगले? 2000 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांना याचे उत्तर सापडले. दारुहळदीच्याच कुळातल्या तिथल्या झुडपांत त्यांना दुसरे एक द्रव्य मिळाले. ते एकटे जंतूला काहीच करत नाही. पण ते जंतूचा पंप बंद पाडते. पंप बंद पडला की बर्बेरिन आत साठते आणि जंतू मरतो. एक द्रव्य मारणारे, दुसरे वाट मोकळी करणारे. सुब्हानल्लाह! नव्या संशोधनाचा एक मोठा मार्ग हाच आहे. जुने अँटिबायोटिक फेकून न देता त्याच्या जोडीला जंतूची ढाल मोडणारे द्रव्य द्यायचे. क्लॅव्हुलॅनिक अॅसिड घातलेली अमॉक्सिसिलिनची गोळी आपल्यापैकी अनेकांनी घेतली असेल. ती याच तत्त्वावर आहे आणि क्लॅव्हुलॅनिक अॅसिडही मातीतल्या जंतूकडूनच मिळालेले आहे.

इंग्लंडमधले उदाहरणही असेच आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी हस्तलिखितात डोळ्याच्या रांजणवाडीचा नुस्खा आहे. लसूण, कांद्याच्या जातीची दुसरी एक भाजी, मद्य आणि बैलाचे पित्त एकत्र करून नऊ दिवस ठेवायचे. नॉटिंगहॅम विद्यापीठात 2015 मध्ये तो नुस्खा तंतोतंत बनवून एमआरएसएच्या वस्तीवर टाकला तेव्हा जंतू मोठ्या संख्येने मेले. पुढे 2020 मध्ये दिसले की लसणातले जंतुनाशक द्रव्य एकटे वस्तीपुढे हरते, पूर्ण मिश्रणच लागते. त्यातले मद्य आणि पित्त वाचून कोणी घरी काही करायला जाऊ नये. सांगायचे एवढेच की जुना नुस्खा हसण्यावारी नेण्यासारखा नसतो, तसाच तो न तपासता वापरण्यासारखाही नसतो.

न मारता हरवणे

आणखी एक नवी वाट आहे. वस्ती बांधण्यापूर्वी जंतू एकमेकांना रासायनिक इशारे देतात. आपण पुरेसे जमलो का, हे त्यांना त्यातून कळते. पुरेसे जमले की सगळे मिळून चिकट थर आणि विष तयार करू लागतात. हे इशारेच बंद केले तर? ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे एक लाल समुद्री शेवाळ नेमके हेच करते, म्हणून त्याच्या अंगावर जंतूंचा थर सहसा चढत नाही. लसणातले अजोइन नावाचे द्रव्यही एका चिवट जंतूचे इशारे बिघडवते, असे डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांना 2012 मध्ये दिसले. अशा उपायात जंतू मरत नाही, फक्त संघटित होत नाही. त्यामुळे त्याला नवी ढाल तयार करण्याची घाईही कमी असते, अशी आशा आहे. शेवाळातले द्रव्य मात्र माणसाला घातक असल्याने औषध होऊ शकले नाही. आशा आणि औषध यांत केवढे अंतर असते ते इथे कळते.

जंतूंनाही खाणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. 1896 मध्ये आग्र्याला काम करणाऱ्या हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असे नोंदवले. त्यामागे फाज असावेत असे पुढे मानले गेले. जॉर्जिया देशात तर 1923 पासून फाजवर काम करणारी संस्था आहे. 2016 मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक टॉम पॅटरसन कोणत्याही औषधाला न जुमानणाऱ्या जंतूने बेशुद्धावस्थेत असताना त्यांना फाज देण्यात आले आणि ते बरे झाले. काही फाजांकडे तो चिकट थरच कापणारी विकरे असतात, म्हणून वस्तीविरुद्ध त्यांचा विशेष विचार चालू आहे. नवी अँटिबायोटिकही येत आहेत. मुंबईच्या वोखार्ट कंपनीने न्यूमोनियासाठी विकसित केलेले नॅफिथ्रोमायसिन हे त्यातले एक. पण अशी औषधे वर्षानुवर्षांच्या कष्टाने हाती येतात. आणि आपण ती कपाटातून वाटून संपवतो.

मग घरातली शिफा?

‘बाजी, मग आमच्या मध-कलौंजीचे काय?’ या मूळ प्रश्नावर येते.

बशीत जंतू मारणे आणि माणसाला बरे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बशीत तर फिनाइलही जंतू मारते. हळदीतले कर्क्युमिन बशीत अनेक जंतूंना नमवते, पण खाल्ले तर त्यातले अगदी थोडे रक्तात पोहोचते. कलौंजीतल्या थायमोक्विनोनचेही बशीतले निकाल चांगले आहेत, पण गंभीर जंतुसंसर्गात माणसांवर चालणारे औषध ते अजून झालेले नाही. कलौंजीबद्दलची हदीस आपल्याला ठाऊक आहे. तिच्यातील व्यापक शब्दांचा अर्थ प्रत्येक रुग्णाला प्रत्येक वेळी फक्त कलौंजीच द्यावी असा नाही, हे अनेक जुन्या भाष्यकारांनीही लिहून ठेवले आहे.

आपल्याच इतिहासात पारखण्याची परंपरा आहे. अबू बक्र राजी हे थोर हकीम. मेंदूज्वराच्या रुग्णांपैकी काहींचे त्यांनी रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही. कोण बरे होतो हे पाहण्यासाठी. त्याचा निष्कर्ष आज कोणी मानत नाही, पण तुलना करून पाहण्याची ती दृष्टी हजार वर्षांपूर्वीची आहे. चीनच्या तू यूयू यांनीही एका जुन्या ग्रंथातल्या नुस्ख्यावरूनच हिवतापाचे आर्टेमिसिनिन शोधले आणि 2015 चे नोबेल मिळवले. त्यांनी नुस्ख्याचा आदर केला, पण द्रव्य वेगळे काढून, मात्रा ठरवून, चाचण्या करूनच ते रुग्णांपर्यंत नेले.

एका सहाबींनी आपल्या भावाच्या पोटाची तक्रार सांगितली तेव्हा प्रेषितांनी (स.) मध द्यायला सांगितले. फरक पडला नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा आले आणि प्रत्येक वेळी मधच द्यायला सांगण्यात आले, शेवटी तो बरा झाला. इमाम इब्न कय्यिम यांनी यावर लिहिताना औषधाची मात्रा आजाराच्या मानाने पुरेशी असावी लागते हा मुद्दा मांडला आहे. मला यात माझ्या सहा गोळ्यांचे उत्तर दिसते. अर्धी मात्रा हा इलाज नव्हे.

मिसवाकचे उदाहरण मात्र मनाला उभारी देणारे आहे. दातांवरचा थर म्हणजे बायोफिल्मच. तिच्यावर उपाय काय? रोज घासून ती बनूच न देणे. मिसवाकचे धागे ती घासून काढतात आणि पीलूच्या मुळात बेंझाइल आयसोथायोसायनेट हे जंतुनाशक द्रव्यही असते, ते स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये तपासून दाखवले. आधी खरवडणे, मग औषध, हा जो क्रम डॉक्टरांनी जखमेबद्दल सांगितला, तोच मिसवाकमध्ये आहे. आणि ते रोज, अनेक वेळा.

म्हणून आमच्या घरी आता काही गोष्टी ठरल्या आहेत. तुम्हीही आपापल्या घरात बोलून पाहा.

ज्या गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागायच्या नाहीत आणि मेडिकलवाल्याने दिल्या तरी घ्यायच्या नाहीत. जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्यायच्या. उरलेल्या ठेवायच्या नाहीत, कोणाला द्यायच्या तर मुळीच नाहीत. सर्दी आणि साधा फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. तेव्हा कोमट पाणी, आराम आणि मोठ्यांना मध.

एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही. तहनीकसाठीसुद्धा नाही. मधात कधी कधी बोटुलिझमच्या जंतूंची बीजे असतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही, पण बाळाच्या आतड्यात ती रुजून जिवावर बेतू शकते. प्रेषितांची (स.) प्रसिद्ध सुन्नत तर खजुराची आहे. मऊ चघळलेला किंचितसा अंश टाळूला लावायचा, आणि तोही डॉक्टरांना विचारून, स्वच्छ तोंडाने.

शुगर असलेल्या घरातल्या बुजुर्गांनी वुजूनंतर पायाच्या बोटांच्या बेचक्या मऊ कापडाने कोरड्या कराव्यात. खिलाल करताना बोट फिरतेच, त्याच वेळी फोड, चीर, रंग बदल आहे का ते पाहावे. तळवा दिसत नसेल तर आरसा ठेवावा किंवा नातवाला पाहायला सांगावे. पाणी गरम असेल तर आधी कोपराने तपासावे. जखम दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. तिच्यावर आधी मध नाही, हळद नाही आणि कपाटातली गोळीही नाही.

शस्त्रक्रियेनंतर खालाजानना सर्वांत मोठी काळजी नमाजची होती. डॉक्टरांनी ड्रेसिंग ओले करू नका असे सांगितले होते, त्यामुळे वुजू कसा करायचा? आमच्या मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी सांगितले की पाणी लागून नुकसान होत असेल तर पट्टीवर मसह पुरेसा आहे. दीनमध्ये सवलत आधीपासूनच होती, आम्हीच ती विचारली नव्हती. त्याआधी कित्येक दिवस त्या जखम भिजवत होत्या.

उंट बांधण्याची ती प्रसिद्ध हदीस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तवक्कुल बांधल्यानंतर आहे, बांधण्याऐवजी नाही. शिफा देणारा अल्लाहच आहे. त्याने ती मधात ठेवली आहे, दारुहळदीत ठेवली आहे, बुरशीतून मिळालेल्या पेनिसिलिनमध्येही ठेवली आहे. कोणती कुठे आणि किती वापरायची हे शोधायला आपल्याला अक्कल दिली आहे.

परवा खालाजानकडे गेले होते. पाटावर बसून त्या पाय पुसत होत्या, एकेक बेचकी, सावकाश. चार बोटे राहिली आहेत त्या पायाला. मला पाहून हसल्या आणि म्हणाल्या, ‘बेटा, तुझ्या कपाटात आता काय आहे?’ मी म्हटले, ‘खालाजान, काही नाही. रिकामे केले.’

अल्लाह आपल्या सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो. आमीन.